पाचवीच्या आत गेलेली

हिरड्याची वाडी, ता. अकोले
६ नोव्हेंबर २०२५

आदरणीय राजेश्वरी मॅडम,

सविता सुनील मेंगाळ हिचा नमस्कार. ओळख लागली नसेल तर सांगते. २०२२ च्या जानेवारीत तुम्ही आमच्या वाडीत ठाकर बायांच्या आरोग्याचा अभ्यास करायला आला होतात. चाळीस दिवस आमच्याच घरी राहिलात. तुमचे फॉर्म पिशवीत घालून तीन वाड्यांतली एकशे चाळीस घरं पालथी घालणारी बारावी पास बाई, ती मी. पाल दिसली की तुम्ही खाटेवर उभ्या राहायच्या आणि माझ्या सासूबाई, बनुबाई, हसून हसून बेजार व्हायच्या. आता आठवलं असेल.

आपलं बोलणं बंद झालं त्याला तीन वर्षं होऊन गेली. ते का झालं, ते आता उगाळत बसत नाही. गेल्या आठवड्यात दोन मेसेज केले, निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. म्हणून हे रजिस्टर पत्र. निदान पोचपावती तरी माझ्या हातात येईल.

मुद्द्यावर येते. तुम्ही गेल्यावर, २०२३ साली, वाडीत दोन वर्षांसाठी उपकेंद्र सुरू झालं. एक खोली, एक बाळंतपणाचं टेबल, एक जीप आणि शेवगावकडच्या सबिहा सिस्टर. मी तेव्हापासून इथली आशा आहे. आधीची आशा खालच्या गावात राहायची, तिला आमच्या वाडीची वाट सहसा सापडत नसे. दोन वर्षांत सिस्टरांच्या हाताखाली चौतीस बाळंतपणं झाली. एकही बाळ गेलं नाही.

आता ही खोली दोन-अडीच महिन्यांत बंद करून घाटाखाली न्यायचं चाललंय. कारण विचारलं तर तालुक्याच्या आरोग्य साहेबांनी तुमचा अहवाल पुढं ठेवला. पान त्रेचाळीस. '२०१७ ते २०२१ या पाच वर्षांत तिन्ही वाड्यांत जन्मानंतर महिनाभरात दगावलेली बालके : शून्य.' साहेब म्हणाले, आधीही शून्य, नंतरही शून्य, मग खोलीनं काय फरक पडला? हिशोबाला त्यांचं चुकतंय असं म्हणता येत नाही.

पण ते शून्य खोटं आहे, मॅडम. ९ जानेवारीला अकोल्यात याची बैठक आहे. त्याआधी तुम्ही लेखी कळवा की तो आकडा चुकला आहे. माझी धाकटी जाऊ ज्ञानेश्वरी हिला सहावा महिना आहे. घाटाखाली जायचं तर जीप लागते, आणि खोलीबरोबर जीपही जाणार आहे. फेब्रुवारीत तिला झोळीत घालून चौदा किलोमीटर नेणारी माणसं आम्ही शोधायची का, एवढंच विचारते.

आपली,
सविता मेंगाळ



२० नोव्हेंबर २०२५

राजेश्वरी,

'मॅडम' आणि 'तुम्ही' आता पुरे झालं. माझ्या चुलीपुढं बसून नागलीची भाकरी उलटायला शिकलेल्या बाईला मी किती वेळ अहो-जाहो करू?

तुझ्या संस्थेचं पत्र आलं. टाइप केलेलं, खाली तुझी सही. 'अहवाल क्षेत्रीय पातळीवर नोंदवलेल्या माहितीवर आधारित असून त्यात बदल करण्याचे कारण दिसत नाही.' हे वाक्य तू लिहिलंस? तू, जी म्हणायचीस की ऊसतोडीच्या कोपीत वाढलेल्या पोरीला कुणाची गरिबी समजावून सांगावी लागत नाही? पत्र वाचून मी इतकी भडकले की सबिहा सिस्टरांनी माझं बीपी मोजलं.

बरं, कारण दिसत नाही ना, मग दाखवते.

तुझा प्रश्न आठव. 'तुम्हाला किती लेकरं झाली? त्यातली किती गेली?' बायांनी उत्तरं दिली. कुणी तीन सांगितली, कुणी चार. गेलेली सांगितली तीही मोठी, एखादं सर्पदंशानं, एखादं तापानं. खोटं एकीनंही सांगितलं नाही. पण आमच्या वाडीत लेकरू पाचवी पुजल्यावर लेकरू होतं. त्याच्या आत आलं आणि गेलं, तर ते पाव्हणं. पाव्हणं आलं, पाव्हणं गेलं. त्याचं नाव नसतं, सुतक नसतं, आणि त्याला कुणी मोजत नाही. बाई पुन्हा त्याचा विषयही काढत नाही, काढला की पुढचंही तसंच येतं आणि जातं म्हणतात.

मी परवा आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, मुद्दाम विचारलं की हे असं का. त्या म्हणाल्या, "सटवाई पाचव्या दिशी येती. कपाळावर लिवती. तिच्या आदी गेलं त्येच्या कपाळावर कायबी न्हाई. ज्येचं लिवलंच न्हाई ते मोजायचं कसं?"

पाचवी तुमच्या तिसगावातही पुजतात. म्हणून तुला वाटलं, आपल्याला हे सगळं माहीत आहे. आमच्या पाचवीची चार पानं तू छान लिहिलीस, पाटा-वरवंट्याचा फोटोही छापलास. न पुजलेल्यांचं काय करतात ते मात्र विचारलं नाहीस.

उपकेंद्र येण्याआधी वाडीत बाळंतपण घरीच व्हायचं, आत्यांच्या हातानं. थंडीत आठव्या महिन्यातलं बाळ आलं की त्या चुलीजवळ घेऊन बसायच्या, आणि तरी ते गार पडत जायचं. आता सिस्टरांकडे ऊब देणारी पेटी आहे, घाट उतरायला जीप आहे. फरक एवढाच आहे, आणि तो तुझ्या शून्यात बुडाला.

बैठकीला पन्नास दिवस उरलेत. मला सहानुभूती नको, चार ओळी पाहिजेत.

सविता



४ डिसेंबर २०२५

राजेश्वरी,

या वेळी तू स्वतःच्या हातानं लिहिलंस. अक्षर अजून तसंच आहे, ओळी उजवीकडे वर वर जाणाऱ्या.

तुझं पत्र मी सहा वेळा वाचलं. 'सविता, प्रश्न मी लिहिला होता, पण विचारला तू होतास. माझ्याबरोबर वाडीची बाई हवी म्हणून मी तुला घेतलं. तुला पाचवीचं माहीत होतं. तेव्हा का सांगितलं नाहीस? आता अहवालाचं पुस्तक छापून झालंय, माझी नोकरी नवी आहे, आणि चार वर्षांनी तू मला चूक सांगतेस.'

पहिल्या वेळी वाचून मी पत्र भिरकावलं. सहाव्या वेळी ते घडी घालून ठेवलं, कारण त्यात खोटं काही नाही. फॉर्म मी भरले. 'किती गेली' म्हटल्यावर बाया एक क्षण थांबायच्या, ते मला दिसायचं. तू लिहिण्यात असायचीस, तुला दिसत नव्हतं. माझ्या मनात यायचं की हिला सांगावं, हे उत्तर पुरं नाही. पण मलाही तेच शिकवलं होतं, की ती मोजायची नसतात. मी सर्व्हेवाली बाई होते तशी वाडीची सूनही होते, आणि फॉर्म त्या सुनेनं भरले.

एवढं सांगून थांबता आलं असतं. पण तू 'का' असं विचारलंस, तर पुरं सांगते.

माझा फॉर्म तू भरलास. एकशे चाळिसावा, सगळ्यात शेवटचा, आमच्या ओट्यावर बसून. मस्करी करत विचारलंस, "हं, मेंगाळबाई, लेकरं किती?" मी म्हटलं, "एक. अमृत." तू विचारलंस, "गेलेली?" मी म्हटलं, "कुणी नाही."

त्याच्या दोन महिने आधी, ४ डिसेंबरला, मला मुलगी झाली होती. आज तारीख तीच आहे, म्हणून कदाचित हात चालतोय. आठवा महिना होता. तीन दिवस होती. तिसऱ्या दिवशी तिचे ओठ निळे पडायला लागले, तेव्हा सुनील आणि त्याचा चुलतभाऊ तिला आणि मला झोळीत घेऊन घाट उतरायला निघाले. आत्या बरोबर चालत होत्या. निम्म्या वाटेवर, जिथं खालचा रस्ता पहिल्यांदा दिसतो तिथं, आत्यांनी झोळी थांबवली, हात आत घातला आणि म्हणाल्या, "फिरा मागं." एवढंच बोलल्या. आम्ही फिरलो. पाचव्या दिवशी मी भात झोडायला खळ्यावर होते. माझा पान्हा वाहत होता आणि बाया न बघितल्यासारखं करत होत्या. ते त्यांनी प्रेमानंच केलं, पण मला वाटत होतं कुणीतरी एकीनं तरी बघावं.

तू आलीस तेव्हा विचारलंस, "सविता, तू इतकी वाळलेली का गं?" मी भातकाढणीवर ढकललं. आमच्या मागच्या अंगणात दोन चपटे दगड जोडीनं आहेत, त्यांवर आत्या तुला बसू द्यायच्या नाहीत. तुला वाटलं, खाली विंचू असतील. घरी बाळंतपण झालं की वार मागच्या अंगणात पुरून वर दगड ठेवतात, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. पाचवीच्या आत गेलेलं बाळ त्याच्याच वारेशेजारी पुरतात आणि दुसरा दगड ठेवतात. ज्या घरामागं दगडांची जोडी आहे, त्या घरी काय झालं ते वाडीतल्या प्रत्येकाला माहीत असतं.

आणि आपलं बोलणं बंद झालं ते तुझ्यामुळं नाही, माझ्यामुळं. तू गेल्यावर त्याच वर्षी तुझा फोन आला होता. तू आनंदात होतीस. म्हणालीस, "सविता, तुमच्या वाडीत एकही बाळ दगावलं नाही, तुमच्या सुइणीचा हात सोन्याचा आहे, सगळे मला विचारतायत हे कसं!" रेंज मिळावी म्हणून मी टेकडीवर उभी होते. मी फोन कापला आणि पुढं कधी उचलला नाही. तुला कारण कळायचा काही मार्गच नव्हता. याचं मला वाईट वाटतं, आणि ते मी आधीच्या पत्रांत लिहिलं नाही, याचंही.

आता चूक कुणाची याची वाटणी पुढं कधीतरी करू. मी पुन्हा मोजणार आहे. तू ये अगर न ये.

सविता



२३ डिसेंबर २०२५

राजेश्वरी,

तुझं उत्तर नाही, पण पोचपावती आली, म्हणजे पत्र मिळालंय. मग इकडं काय झालं ते तू विचारलं नसलंस तरी सांगते.

निम्मी वाडी भात काढून जुन्नरकडे कांदा लावायला गेलीय. मी रजा टाकून तिकडं गेले. तीन दिवस वाफ्यात वाकून रोपं लावत बायांशी बोलले, कारण उभं राहून फॉर्म काढला की त्या लांब जातात. प्रश्न बदलला. म्हटलं, "बनुबाई तुझ्या उशाशी किती वेळा बसल्या?"

एक म्हणाली, "चारदा."

"आन् लेकरं?"

"तीन," म्हणाली, आणि हातातली रोपं खाली ठेवून पाणी प्यायला गेली. परत आली ती दुसऱ्या वाफ्यात.

सगळ्यांचं असंच झालं. परत आल्यावर सबिहा सिस्टर म्हणाल्या, "अगं, चारातून तीन गेले, एक उरला. लिही की! बाईनं बोलायलाच हवं असं थोडंच आहे?" आकडा तसाही निघाला असता. दगड मोजूनही निघाला असता. पण मग पहिल्यांदा जे केलं तेच पुन्हा केल्यासारखं झालं असतं. तेव्हा त्यांचं न बोलणं आपण शून्य धरलं, आता त्यांचं न बोलणं एकेक बाळ धरलं. बैठकीत एखादा म्हणाला असता, बोलवा ती बाई, आणि ती बाई साहेबांसमोर मान हलवून म्हणाली असती, तीनच झाली.

मी चार दिवस चिडचिड करत होते. अमृतला उगाच एक धपाटा बसला. शेवटी आत्यांपुढं बसले आणि म्हटलं, तुम्हीच सांगा आता, मी थकले.

आत्या वालाच्या शेंगा सोलत होत्या. शेवटची शेंग सोलली. मग म्हणाल्या, "आपून त्यांची पाचवी पुजू."

"कुणाची?"

"गेल्यात त्यांची. समद्यांची. एकाच दिशी."

"आत्या, कुणाला चार वर्षं झाली, कुणाला आठ."

"मग? सटवाईकडं काय घड्याळ हाय व्हय? तिला सांगू, बाई, तवा तू यायच्या आत गेली, आता ये आन् लिवून जा."

"असं चालतं?"

"मला कोन इचारनार? वाडीची सुईन मी हाय," म्हणाल्या, आणि सालपटं शेळीपुढं टाकायला उठल्या.

निरोप धाडले. मला वाटलं, चार-पाच येतील. रविवारी दुपारपासून बाया यायला लागल्या. जुन्नरहून एक अख्खा टेम्पो आला, मुकादमाशी भांडून एका दिवसाची सुट्टी घेतलेला. सबिहा सिस्टर सकाळीच येऊन पाटा-वरवंटा घासत बसल्या. म्हणाल्या, "मला पूजा येत नाही, घासता येतं." सुनील नागापूरच्या वर्कशॉपमधून पाळी बदलून आला. त्याला मी बोलावलं नव्हतं. आम्ही दोघं त्या मुलीबद्दल चार वर्षांत एक शब्द बोललो नव्हतो. तो मागच्या अंगणात गेला, दोन दगडांभोवतीचं गवत त्यानं खुरप्यानं काढलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "नाव काय ठेवायचं?" मी तिथंच खाली बसले आणि मोठ्यानं रडले. इतकं मोठ्यानं की शेजारून ज्ञानेश्वरी पोट सावरत पळत आली.

दिवे लागायच्या वेळेला आत्या घराघरामागं गेल्या. जिथं दगडांची जोडी, तिथं पाटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला. तुला माहीत आहे, सटवाईनं लिहावं म्हणून पाचवीला कोरा कागद आणि पेन ठेवतात. कागद आणायचा राहिला होता. मी घरात जायला निघाले, तर आत्यांनी माझ्या खांद्यावरची पिशवी ओढली आणि तुझ्या जुन्या फॉर्ममधले उरलेले काढले. "ह्येच ठिव," म्हणाल्या. "ह्ये पन कोरंच हायती."

तेरा घरी तेरा फॉर्म ठेवले. सकाळी मी ते गोळा करायला निघाले, तर बाया आपापल्या दारात फॉर्म घेऊन बसल्या होत्या. आता त्यांना प्रश्न विचारावा लागला नाही. पाचवी झाली होती, लेकरू मोजता येत होतं. एकेकीनं सांगितलं, कोणता महिना, किती दिवस, दूध ओढलं का, अंग कसं गार पडलं, घाटात कुठपर्यंत नेलं. कांद्याच्या वाफ्यातून उठून गेली होती ती बाई तासभर बोलली. तिचा नवरा भिंतीला टेकून ऐकत होता, त्यालाही पहिल्यांदाच कळत होतं.

तेरा, राजेश्वरी. पाच वर्षांत. तुझ्या पान त्रेचाळीसवर.

मी बैठकीला चाललेय. तू येणार नसशील तर तुझी खुर्ची रिकामी आहे असं मी तिथं उभं राहून सांगेन. हा दम समजलास तरी चालेल.

सविता



११ जानेवारी २०२६

राजू,

काल फोनवर आपलं अर्धंच बोलणं झालं. टेकडीवर वारा होता आणि तू रडत होतीस, त्यामुळं मी काय सांगितलं आणि तुला काय ऐकू आलं याचा भरवसा नाही. म्हणून सगळं नीट लिहिते.

तेरापैकी अकराजणी आल्या. सिस्टर आल्या, आत्या आल्या. ज्ञानेश्वरीला मी नको म्हणत होते, तीही आली आणि पहिल्या रांगेत पोट पुढं काढून बसली. साहेब माणूस वाईट नाही, त्यांनी चहा सांगितला. पण कागद त्यांच्यापुढं तुझाच होता. म्हणाले, "ताई, हे एका विद्वान बाईंनी चाळीस दिवस राहून लिहिलंय. तुम्ही आता बैठकीच्या तोंडावर तेरा आणता."

मी म्हटलं, "त्या विद्वान बाईंबरोबर फॉर्म भरणारी मीच होते, साहेब. चुकीचं मी भरलं. त्यातली एक माझी आहे."

मग एकेक उठली. कुणी फार बोललं नाही. 'माझा मुलगा, दोन दिवस.' 'माझी जुळी, एक गेला, एक आहे.' 'माझा मुलगा, घाटात.' साहेबांचा क्लार्क कॉम्प्युटरवर टाकत होता. म्हणाला, नावाची जागा मोकळी राहतेय, बेबी ऑफ अमुक असं टाकू का? जुळ्यांची आई म्हणाली, "का म्हून? नाव हाय त्याला." आणि नाव सांगितलं. नंतर सगळ्यांनी सांगितली.

मागच्या रांगेतून एक गृहस्थ बोलले, ते कोण हे मला माहीत नाही. म्हणाले, "म्हणजे अडाणी सुइणीच्या हातानं तेरा पोरं गेली, असंच ना? मग गुन्हा कुणावर?" मला वाटलं आता सगळं बसलं. आत्या उठल्या. पंचाहत्तर वर्षांची बाई, अकोल्याच्या हॉलमध्ये पहिल्यांदा आलेली.

"माज्याच हातात गेली," आत्या म्हणाल्या. "तेराच्या तेरा. त्यातली एक माजी नात. मी व्हते तिथं. तुमी व्हता का?" मग साहेबांकडं वळल्या. "ही पोर आली," सिस्टरांकडं बोट दाखवून, "तवापास्नं मी कुनाच्या उशाशी बसले न्हाई. चौतीस आली, चौतीस हायती. अंगठा कुटं करू सांगा."

क्लार्कनं शाईचं पॅड पुढं केलं.

साहेबांचं म्हणणं एवढंच राहिलं की मूळ अहवाल ज्यांचा त्यांनी दुरुस्ती लेखी दिल्याशिवाय त्यांना शासनाच्या कागदावरचा आकडा बदलता येत नाही. तोवर खोली हलवायचं पंधरा दिवस थांबवलंय. २४ जानेवारीपर्यंत. यावर मी भांडले, पण खोटं कसं बोलू, नियम म्हणून ते बरोबर आहेत.

आता तुझ्या फोनचं. तू आधी माफी मागितलीस. ती मी घेतली, आणि माझीही तू घे, म्हणजे ते खातं बंद. संस्थेतल्या सरांशी बोललीस, पुस्तकाची पुढची छपाई थांबवलीस, त्यासाठी तुला काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल ते मी समजू शकते. तुझी नोकरी टिकावी असं मला मनापासून वाटतं. टिकली नाही तर आमच्याकडं नागलीची भाकरी आहे आणि पालही आहेत.

पण फोन ठेवताना तू म्हणालीस, "यादी पाठव सविता, मी डोळे झाकून सही करते."

तेवढं ऐकून मी रात्री आत्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "डोळे झाकून कशापायी? आपून काय चोरी केलीय?"

यादी सोबत जोडली आहे. तेरा नावं, प्रत्येकापुढं आईचं नाव, दिवस किती, आणि शेवटी तिचा अंगठा किंवा सही. प्रती काढू नकोस, मूळ कागदावरच सही कर आणि १८ तारखेच्या आत उलट टपाली पाठव. सही करण्याआधी दार लावून घे, बस, आणि वरपासून खालपर्यंत एकेक नाव तोंडानं वाच. मनातल्या मनात नको. मधलं एकही सोडू नकोस.

माझी अकराव्या नंबरला आहे.

सविता